स्कॉटिश सरदाराची वंशावळ कशी लावावी: हंटिंग्डनच्या डेव्हिडचा वंश, पायरीपायरीने

१७ नोव्हेंबर १२९२ रोजी बेरिकच्या किल्ल्यात स्कॉटलंडचं राज्य जॉन बॅलिओलच्या पदरात पडलं, ते वंशावळीच्या जोरावर. त्याचा मुख्य प्रतिस्पर्धी रॉबर्ट ब्रूस आणि राज्याचा तिसरा हिस्सा मागणारा जॉन हेस्टिंग्ज हे दोघेही त्याच्यासारखेच एका माणसाचे वंशज होते. तो माणूस म्हणजे ७३ वर्षांपूर्वी, १७ जून १२१९ रोजी वारलेला हंटिंग्डनचा अर्ल डेव्हिड. तिघांचाही हक्क मुलींकडून आलेला होता.

आपल्याकडच्या जुन्या वंशावळीत मुलगी असलीच तर ‘कन्या, अमक्यांकडे दिली’ एवढ्यावर संपते. त्या सवयीने डेव्हिडचं झाड काढायला बसलात तर ते १२३७ साली, दुसऱ्याच पिढीत खुंटतं. कारण त्याचा एकुलता वाचलेला औरस मुलगा जॉन निपुत्रिक गेला. प्रत्यक्षात याच माणसाच्या वंशात पुढे स्कॉटलंडचे आणि इंग्लंडचे राजे झाले. म्हणून मध्ययुगीन स्कॉटिश घराण्याचं काम हाती घेताना पहिला नियम असा की मुली, त्यांचे नवरे आणि त्यांची मुलं मुलग्यांइतक्याच बारकाईने लिहायची. पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी डेव्हिडचंच घराणं उदाहरणाला घेतलं आहे, कारण त्यात होण्यासारख्या जवळजवळ सगळ्या चुका होतात.

पायरी १: मूळपुरुष नक्की कोण, ते बांधून घ्या

प्रत्येक व्यक्तीसाठी पोस्टकार्डाच्या आकाराचं एक कार्ड घ्या. त्यावर सहा रकाने हवेत: नाव, पदवी, जमीन, आईबाप, लग्न किंवा लग्नं, मृत्यू. प्रत्येक रकान्याच्या उजवीकडे पुराव्यासाठी जागा सोडा. चार पिढ्यांसाठी साधारण पंचवीस-तीस कार्डं लागतात. जन्मतारखेचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही, कारण त्या काळच्या सरदारांची जन्मतारीख क्वचितच मिळते आणि रिकामा रकाना अंदाजाने भरण्याचा मोह होतो. मिळालीच तर मागच्या बाजूला लिहा.

डेव्हिडचं कार्ड असं भरेल. जन्म ११५२ च्या सुमारास. बाप स्कॉटलंडचा युवराज हेन्री, जो ११५२ मध्येच वारला. आई एडा दे वॉरेन. थोरले भाऊ चौथा माल्कम आणि विल्यम, दोघेही राजे. जमिनी दोन राज्यांत: इंग्लंडमध्ये हंटिंग्डनची जहागीर, स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनशायरमधला गॅरिओक. या शेवटच्या नावाचा स्थानिक उच्चार ‘गीरी’ आहे, आणि स्कॉटिश नावांबाबत ही धास्ती कायम बाळगावी. लग्न २६ ऑगस्ट ११९० रोजी चेस्टरच्या अर्लची मुलगी मॅटिल्डा (मॉड) हिच्याशी. फाइफमधला लिंडोर्सचा मठ त्यानेच स्थापला.

इथे पहिली गफलत होते. डेव्हिडचा आजा, राजा पहिला डेव्हिड, हाही ११२४ मध्ये गादीवर येण्यापूर्वी हंटिंग्डनचा अर्ल होता. नाव आणि पदवी जुळली म्हणजे माणूस एकच, असं धरून चालणारे आजोबांची सनद नातवाच्या नावावर चढवतात. ओळख पटवायला जमीन, काळ आणि साक्षीदार हे तिन्ही जुळायला हवेत. सनदांत आपला डेव्हिड बहुधा ‘स्कॉटलंडच्या राजाचा भाऊ, अर्ल डेव्हिड’ असा येतो. ‘राजाचा भाऊ’ हे शब्द त्याच्या सनदांत फार मोलाचे आहेत.

‘हंटिंग्डन’ हे त्याचं आडनाव नाही हेही लक्षात ठेवा. त्याला आडनावच नव्हतं. उलट ‘स्टुअर्ट’ हे आडनाव हुद्द्यावरून आलं: राजवाड्याचा कारभारी तो स्टुअर्ड, जसा आपल्याकडे कुलकर्णी किंवा पोतनीस. एकाच झाडात पदवी, गाव, हुद्दा आणि खरं आडनाव एकमेकांत मिसळलेलं असतं. कार्डावर ते वेगवेगळं लिहा.

पायरी २: काय मिळणार नाही, ते आधी समजून घ्या

जन्म-मृत्यूचे दाखले शोधण्यात दिवस घालवू नका. स्कॉटलंडमधली सक्तीची नागरी नोंदणी १ जानेवारी १८५५ पासूनची आहे आणि चर्चची सगळ्यात जुनी उपलब्ध नोंदवही, पर्थशायरमधल्या एरोल गावची, १५५३ पासूनची. त्याआधीच्या काळासाठी कागद जमिनीचे, मठांचे, दरबाराचे आणि पोपच्या कचेरीचे. म्हणजे माणूस तेव्हाच दिसतो जेव्हा त्याने जमीन दिली, घेतली, वारसाने मिळवली, तिच्यावरून भांडण केलं किंवा लग्नासाठी परवानगी मागितली. ज्या मुलीला जमीन मिळाली नाही ती कागदावर येतच नाही. कागदात नाही म्हणून ती जन्मलीच नाही, असं मात्र लिहू नये.

त्यातही भगदाडं आहेत. इंग्लंडच्या राजा पहिल्या एडवर्डने १२९६ मध्ये स्कॉटिश दफ्तर उचलून नेलं. पुढे क्रॉमवेलच्या काळात पुन्हा बरेच कागद लंडनला गेले, आणि १६६० मध्ये ते परत आणणारं एक जहाज बुडालं. त्यामुळे डेव्हिडसारख्या दोन्ही राज्यांत जमिनी असलेल्या माणसाचा माग बऱ्याचदा इंग्लंडच्या कागदांत जास्त चांगला लागतो. इंग्लंडमध्ये राजाकडून थेट जमीन धरणारा कोणी मेला की पंच बसवून चौकशी होई: जमीन किती, वारस कोण, वारसाचं वय काय. तेराव्या शतकाच्या मध्यापासूनच्या अशा चौकशा लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. वारसाचं वय मिळण्याचं हे सगळ्यात भरवशाचं ठिकाण, पण वय ‘२२ आणि त्याहून अधिक’ अशा थाटात दिलेलं असतं. ‘अधिक’ म्हणजे पाच वर्षंही असू शकतात.

सुरुवात मात्र घरबसल्या होते. १०९३ ते १३७१ या काळातल्या सनदांमध्ये आलेल्या माणसांचा ‘पीपल ऑफ मिडीव्हल स्कॉटलंड’ हा माहितीसंच इंटरनेटवर मोफत आहे. त्यात माणूस शोधला की तो कोणत्या सनदेत दाता, घेणारा किंवा साक्षीदार म्हणून आला ते दिसतं. त्यानंतर १९०४ ते १९१४ दरम्यान नऊ खंडांत निघालेला ‘द स्कॉट्स पीअरेज’ पाहा. तो उत्तम वाटाड्या आहे, पण शंभर वर्षं जुना आहे. त्यातलं विधान उतरवण्याआधी त्याखालची टीप वाचा. टीप नसेल तर ते विधान कार्डावर पेन्सिलीने लिहायचं.

शोधताना एकच स्पेलिंग टाकून थांबू नका. ब्रूस हे नाव ब्रुस, ब्रुइस, ब्रॉइस अशा कितीतरी रूपांत येतं, आणि डेव्हिडच्या नातीच्या, डर्व्होर्गिला या नावाचे तर लेखनिकांनी हाल केले आहेत.

पायरी ३: लॅटिन नातेशब्द मराठीत वाचा, इंग्रजीत नको

मराठी वाचकाला इथे जन्मजात फायदा आहे. लॅटिनमध्ये बापाचा भाऊ ‘पात्रुउस’ आणि आईचा भाऊ ‘आवुनकुलस’, म्हणजे सरळ काका आणि मामा. ‘आमिता’ म्हणजे आत्या, ‘मातेर्तेरा’ म्हणजे मावशी. इंग्रजी सारांशात दोघेही ‘अंकल’ झाले की नातं कोणत्या बाजूचं ते पुसलं जातं. म्हणून सारांशात नुसता ‘अंकल’ दिसला की मूळ शब्द पाहायचा. काका असेल तर माणूस बापाच्या झाडात शोधायचा, मामा असेल तर आईच्या. मात्र लेखनिक नेहमी काटेकोर नसत, तेव्हा मूळ शब्दालाही जमिनीचा आधार शोधा.

सापळा ‘नेपोस’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ नातू, पुतण्या किंवा भाचा, यातला कोणताही. इथे मराठीही मदत करत नाही, वयांचा हिशेबच करावा लागतो. ‘गेनेर’ म्हणजे जावई. ‘रेलिक्ता’ म्हणजे विधवा. हा शब्द दिसला की नवऱ्याच्या मृत्यूची अलीकडची मर्यादा मिळाली. नावाआधी ‘क्वोन्दाम’ असेल तर तो माणूस त्या तारखेपूर्वी वारलेला होता, आपल्या ‘कै.’सारखं. ‘हेरेस’ म्हणजे वारस, आणि वारस म्हणजे मुलगा असं गृहीत धरण्याची चूक सर्रास होते.

सगळ्यात निसरडा शब्द ‘कॉन्सांग्विनेउस’, म्हणजे रक्ताचा नातेवाईक. दुसऱ्या डेव्हिड राजाने १३५९ मध्ये क्लॅकमॅननची जमीन देताना रॉबर्ट ब्रूस नावाच्या माणसाला असं संबोधलं. नातं नेमकं कोणतं ते सनद सांगत नाही. एल्गिनचे अर्ल याच क्लॅकमॅननच्या ब्रूसांचे वंशज. १८९४ ते १८९९ या काळात, पुण्यात प्लेग चालू असताना, हिंदुस्थानचा व्हाइसरॉय असलेला लॉर्ड एल्गिन हा त्यांतलाच. ब्रूस आडनाव म्हणून तो १३०६ मध्ये राजा झालेल्या रॉबर्ट ब्रूसचा थेट पुरुषवंशज, असं म्हणता येत नाही. त्या राजाचा औरस पुरुषवंश त्याच्या मुलाबरोबर, दुसऱ्या डेव्हिडबरोबर, १३७१ मध्येच संपला.

पायरी ४: तारखा सरळ करा

स्कॉटलंडमध्ये १५९९ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला लागे. १६०० पासून ते १ जानेवारीला लागू लागलं. म्हणून जानेवारी, फेब्रुवारी आणि २४ मार्चपर्यंतच्या जुन्या तारखांत एक वर्ष वाढवावं लागतं. पुढे राजा झालेल्या रॉबर्ट ब्रूसने डम्फ्रीजच्या चर्चमध्ये आपला प्रतिस्पर्धी जॉन कमिन याला मारलं ती तारीख त्या काळच्या गणनेने १० फेब्रुवारी १३०५, आपल्या गणनेने १३०६. कार्डावर ‘१३०५/०६’ असं लिहा, म्हणजे दोनदा दुरुस्ती होणार नाही. दोनदा दुरुस्ती ही न दुरुस्तीइतकीच नेहमीची चूक आहे. शुहूर सनाचं इसवी सन करताना ज्यांचे हात पोळले आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको.

डेव्हिडच्या काळातल्या बऱ्याच सनदांवर वर्ष नसतंच. मग आतल्या खुणांवरून दोन कुंपणं घालायची: याआधीची नाही आणि यानंतरची नाही. डेव्हिडच्या सनदेत बायको मॅटिल्डाचा उल्लेख असेल तर ती २६ ऑगस्ट ११९० नंतरची. मुलगा जॉन स्वतःला चेस्टर आणि हंटिंग्डनचा अर्ल म्हणवत असेल तर ती सनद १२३२ ते १२३७ मधली, कारण चेस्टरची पदवी त्याला मामा रॅनल्फ १२३२ मध्ये निपुत्रिक वारल्यावर मिळाली. रॅनल्फच्या चार बहिणी वारस होत्या आणि मॅटिल्डा त्यांतली एक. म्हणजे जॉनची मोठी पदवीसुद्धा आईकडून आलेली. साक्षीदारांत बिशप किंवा मठाधिपती असतील तर त्यांच्या नेमणुकीच्या आणि मृत्यूच्या तारखांनी कुंपण आणखी आवळता येतं.

पायरी ५: मुलं मांडा, पण लग्नागणिक

नवरा-बायकोच्या जोडीखालीच मुलं लिहायची, एकट्या बापाखाली कधीही नाही. हा नियम मोडल्याने झाड कसं बिघडतं ते डेव्हिडच्या थोरल्या मुलीच्या घरात दिसतं.

मार्गारेटचं लग्न १२०९ मध्ये गॅलोवेचा सरदार ॲलन याच्याशी झालं. ॲलन १२३४ मध्ये वारला तेव्हा त्याच्या तीन मुली वारस होत्या: हेलन, क्रिस्टियाना आणि डर्व्होर्गिला. गॅलोवेची जमीन तिघींत वाटली गेली. मात्र हेलन पहिल्या बायकोची. ती ॲलनची वारस आहे, डेव्हिडची नात नाही. तिच्या नवऱ्याचं, रॉजर दे क्विन्सीचं, घराणं डेव्हिडच्या झाडात घुसवलेलं इंटरनेटवर वारंवार दिसतं. ॲलनला थॉमस नावाचा अनौरस मुलगाही होता. बहिणींच्या नवऱ्यांची जमीन सुरक्षित राहावी म्हणून त्याने जवळजवळ उभी हयात कैदेत काढली. डेव्हिडच्या झाडात जागा फक्त क्रिस्टियाना आणि डर्व्होर्गिला या दोघींनाच.

डेव्हिडची दुसरी मुलगी इझाबेला ॲनंडेलचा सरदार रॉबर्ट ब्रूस याला दिली. तिसरी एडा, हेन्री हेस्टिंग्जची बायको. इथे आणखी एक अडथळा: डेव्हिडच्या सख्ख्या बहिणीचंही नाव एडा, आणि ती हॉलंडच्या काउंटला दिलेली. आईचंही नाव एडाच. तीन एडा एका कार्डावर आल्या की काम संपलंच. नावापुढे कायम नवऱ्याचं किंवा बापाचं नाव जोडा. स्कॉटलंडमध्ये लग्नानंतरही बाई कागदोपत्री माहेरच्या नावाने येत राहते, हे या कामी सोयीचं ठरतं.

अनौरस मुलं वेगळ्या कार्डावर, लाल शाईने. डेव्हिडच्या हेन्री नावाच्या अनौरस मुलाकडे ब्रेकिनची जमीन आली. त्याच्या वंशातला डेव्हिड ब्रेकिन १३२० मध्ये रॉबर्ट राजाविरुद्धच्या कटापायी फासावर गेला. अनौरस म्हणून गाळायचं नाही. हक्काच्या गणितात मात्र धरायचं नाही. एक बारकावा असा की आईबापांनी मागाहून लग्न केलं तर आधी झालेली मुलं स्कॉटिश कायद्याने औरस ठरत. इंग्लंडच्या सरदारांनी हीच गोष्ट १२३६ मध्ये साफ नाकारली होती. दोन राज्यांत जमिनी असलेल्या घरात एकच मुलगा एका बाजूला वारस आणि दुसऱ्या बाजूला बेवारस ठरू शकतो.

पायरी ६: क्रमांक

डेव्हिड १. त्याची औरस मुलं हक्काच्या क्रमाने, जन्माच्या नव्हे: जॉन १.१, मार्गारेट १.२, इझाबेला १.३, एडा १.४. जॉन मार्गारेटहून धाकटा असूनही पहिला, कारण मुलगा असेपर्यंत मुलींना हक्क नाही. डर्व्होर्गिला १.२.२. तिचा मुलगा जॉन बॅलिओल, पुढे झालेला राजा, १.२.२.४, त्याच्या आधीचे ह्यू, ॲलन आणि अलेक्झांडर हे भाऊ निपुत्रिक गेले, पण त्यांचे क्रमांक रिकामे ठेवायचे नाहीत. १.२.२.१ का संपला हे माहीत असल्याशिवाय १.२.२.४ चा दावा उभाच राहत नाही.

इझाबेलाच्या शाखेत क्रमांकांवाचून गत्यंतर नाही. नवरा रॉबर्ट, मुलगा रॉबर्ट (१.३.१), नातू रॉबर्ट (१.३.१.१), पणतू रॉबर्ट राजा (१.३.१.१.१). पुस्तकांत ते ॲनंडेलचे चौथे, पाचवे, सहावे सरदार म्हणून येतात. १२९२ मध्ये राज्य मागणारा तो पाचवा, म्हणजे राजाचा आजा. आजा ३१ मार्च १२९५ ला वारला आणि नातू १३०६ मध्ये राजा झाला. दोघांना एकच समजणारे लेख अजूनही सापडतात.

कागद ए-२ आकाराचा, आडवा घ्या. पिढ्या वरून खाली आणि थोरली शाखा डावीकडे. पक्क्या पुराव्याचं नातं सरळ रेघेने, एकाच दुय्यम आधाराचं तुटक रेघेने.

पायरी ७: जमिनीच्या वाटणीवरून नातं तपासा

झाड काढून झालं की ते खरं आहे का ते जमीन सांगते. मुलगा नसेल तर मुलींना समान वाटे, हा नियम. जॉन १२३७ मध्ये वारल्यावर हंटिंग्डनच्या जमिनी आणि गीरी डेव्हिडच्या मुलींच्या शाखांत वाटली गेली. पुढच्या दोन पिढ्यांत गीरीच्या वाट्यांवर बॅलिओल, ब्रूस आणि हेस्टिंग्ज ही नावं दिसतात, हा तिन्ही लग्नांचा स्वतंत्र पुरावा. एखाद्या घरात अचानक दूरच्या परगण्यातली जमीन उगवली तर आधी विचारा, बाई कोणत्या घरची? ती जमीन आंदणाची असू शकते, किंवा विधवेला नवऱ्याच्या जमिनीतून हयातीपुरता मिळणारा एक-तृतीयांश वाटा.

चेस्टरचं मात्र तसं झालं नाही. ती जहागीर इतकी मोठी आणि वेल्सच्या सीमेवरची होती की तिसऱ्या हेन्रीने ती वारसांत वाटू न देता स्वतःच्या ताब्यात घेतली आणि वारसांना दुसऱ्या जमिनी देऊन गप्प केलं. जमीन वारसाकडे गेली नाही म्हणजे वारस नव्हता, हा निष्कर्ष म्हणून घाईचा ठरतो. राजाला हवी असली की कायदा वाकतो.

पायरी ८: शिक्का पाहा

डर्व्होर्गिलाने १२८२ मध्ये ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजला नियमावली दिली. तिच्यावरच्या शिक्क्यात ती उभी आहे. एका हातात बॅलिओलांची ढाल (कडेने फिरलेली पट्टी), दुसऱ्या हातात गॅलोवेचा सिंह. खाली आणखी दोन ढाली: चेस्टरच्या गव्हाच्या पेंढ्या आणि हंटिंग्डनच्या पाचरी. म्हणजे नवरा, बाप, आजी आणि आजोबा एका शिक्क्यात. अशी वस्तू मिळाली की चार तुटक रेघा एकदम सरळ होतात. ब्रेकिनच्या ढालीवरही त्याच पाचरी आहेत. अनौरस शाखेने आपलं मूळ ढालीवर जपलं.

चिन्ह जुळलं तरी काळ पाहायचा. मांडलिक सरदार धन्याच्या चिन्हात थोडा बदल करून ते वापरत. त्यामुळे सारखी ढाल म्हणजे रक्ताचं नातं असं दर वेळी होत नाही.

पायरी ९: पिढ्या मोजा, दोन पद्धतींनी

हा भाग सगळ्यात मजेचा आणि सगळ्यात जास्त चुकणारा. विल्यमचा नातू तिसरा अलेक्झांडर राजा १९ मार्च १२८६ ला किंगहॉर्नजवळ घोड्यावरून पडून मेला, त्याची नात मार्गारेट सप्टेंबर १२९० मध्ये ऑर्कनीत वारली आणि विल्यम राजाचा औरस वंश संपला. मग हक्क विल्यमच्या भावाकडे, म्हणजे आपल्या डेव्हिडच्या वंशाकडे वळला. एकूण तेरा जण पुढे आले. निवाड्यासाठी १०४ पंच बसले: बॅलिओलचे ४०, ब्रूसचे ४० आणि इंग्लंडच्या राजाचे २४.

झाडावर बोट ठेवून मोजा. ब्रूस: डेव्हिड, इझाबेला, रॉबर्ट, दोन पायऱ्या. बॅलिओल: डेव्हिड, मार्गारेट, डर्व्होर्गिला, जॉन, तीन पायऱ्या. ब्रूस म्हणे, मी जवळचा. बॅलिओल म्हणे, माझी शाखा थोरली. हेस्टिंग्ज म्हणे, मुलींचे वारस आहेत तर राज्याचे तीन वाटे करा. पंचांनी राज्य अविभाज्य ठरवलं आणि थोरल्या शाखेला कौल दिला. हॉलंडच्या काउंटने तर वेगळीच टूम काढली: डेव्हिडने गीरीच्या बदल्यात राज्यावरचा हक्क कधीच सोडला होता, तेव्हा हक्क त्याच्या बहिणीच्या वंशाचा. कागद शोधायला खटला जवळपास दहा महिने तहकूब झाला, पण मुदतीत तो पुढे आला नाही.

इथे मृत्यूच्या तारखेचं वजन कळतं. डर्व्होर्गिला २८ जानेवारी १२९० ला वारली, अलेक्झांडरच्या नातीच्या आठेक महिने आधी. ती जगली असती तर दावा तिचा स्वतःचा असता, ब्रूसइतक्याच दोन पायऱ्यांवर आणि थोरल्या शाखेतून. ब्रूसचा ‘जवळचा’ हा मुद्दा तिथेच लंगडा झाला असता.

चर्चची मोजणी निराळी. १२१५ च्या लॅटरन परिषदेने लग्नाची मनाई सातव्या पायरीवरून चौथ्यापर्यंत खाली आणली. त्यात भावंडं पहिल्या पायरीवर, त्यांची मुलं दुसऱ्या, नातवंडं तिसऱ्या, पणतवंडं चौथ्या. मूळपुरुष मोजायचा नाही. आपल्या सपिंड मोजणीत माणूस स्वतःपासून ‘एक’ सुरू करतो, म्हणून आपल्या हिशेबाने मोजलं की उत्तर एकाने चुकतं. पडताळा घ्या: मार्गारेट आणि इझाबेला एक, डर्व्होर्गिला आणि दावेदार रॉबर्ट दोन, डर्व्होर्गिलाची मुलगी एलेनॉर कमिन आणि रॉबर्टचा मुलगा तीन, एलेनॉरचा मुलगा जॉन कमिन आणि रॉबर्ट राजा चार. डम्फ्रीजला मारणारा आणि मरणारा डेव्हिडपासून सारख्याच अंतरावर होते, आणि मेलेला थोरल्या शाखेचा.

या मनाईमुळे पोपकडे लग्नाची सूट मागणारे अर्ज ढिगाने आहेत, आणि त्यांत नातं स्पष्ट लिहिलेलं असतं. ते जरूर पाहा. रॉबर्ट राजाची मुलगी मार्जोरी हिचा मुलगा दुसरा रॉबर्ट, पहिला स्टुअर्ट राजा. एलिझाबेथ म्यूरपासून त्याला झालेली मुलं १३४७ च्या सुटीने औरस ठरली. नंतर युफेमिया रॉसशी त्याचं दुसरं लग्न झालं. पहिल्या घरची मुलं औरस की नाहीत, हा वाद कायमचा मिटावा म्हणून १३७३ मध्ये गादीचा क्रम नावानिशी ठरवून द्यावा लागला. लग्नाची तारीख आणि सुटीची तारीख म्हणून वेगवेगळ्या लिहायच्या.

पायरी १०: ‘वंश संपला’ लिहिण्याआधी

बॅलिओल राजाचा मुलगा एडवर्ड १३६४ मध्ये निपुत्रिक वारला, तेव्हा पुस्तकं ‘बॅलिओल वंश संपला’ म्हणतात. संपला तो पुरुषवंश. राजाची बहीण एलेनॉर, तिचा मुलगा तो डम्फ्रीजचा कमिन, त्याची मुलगी एलिझाबेथ टॅल्बट घराण्यात गेली आणि श्रूझबरीचे अर्ल तिच्या वंशात झाले. दुसरी बहीण एडा लिंडसेच्या घरात, तिथून मुलगी फ्रान्सच्या कूसी घराण्यात. धाकट्या शाखेत मार्जोरी ब्रूसकडून स्टुअर्ट, स्टुअर्टांकडून १६०३ मध्ये इंग्लंडची गादी, आणि सहाव्या जेम्सच्या मुलीकडून हॅनोव्हरचे राजे. आजचा राजा तिसरा चार्ल्स त्याच धाग्याने डेव्हिडपर्यंत पोचतो. कार्डावर ‘संपला’ असा शब्द नको. ‘पुरुषवंश समाप्त’ किंवा ‘संतती नाही’ यांपैकी जे खरं असेल ते लिहा.

पदवी आणि रक्त यांचे रस्तेही वेगळे असू शकतात. नंतरच्या काळातली पदवी कोणाकडे जाईल ते तिची सनद ठरवते: फक्त पुरुष वारसांना, की मुलींनाही. एकाच माणसाच्या दोन पदव्या दोन दिशांना जातात. याचं मराठी वाचकाला ओळखीचं उदाहरण म्हणजे मध्ययुगापासून चालत आलेल्या रॅमझी घराण्यातला दहावा अर्ल ऑफ डलहौसी. त्याने औरस वारस नाही या कारणावरून, दत्तक नाकारून, १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये झाशी व नागपूर खालसा केलं. १८६० मध्ये तो वारला तेव्हा त्याला दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. १८४९ मध्ये मिळालेली मार्क्विस ही पदवी त्याच्याबरोबर बुडाली आणि अर्लची जुनी पदवी चुलत घरातल्या फॉक्स मॉलकडे गेली.